मेरीलँडच्या दोन किल्ल्या

इ. स. १७०४ ची गोष्ट. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मेरीलँड या इंग्रज वसाहतीत सेंट मेरीज नावाच्या लहानशा गावी विटांनी बांधलेले एक कॅथलिक चर्च उभे होते. गव्हर्नर जॉन सीमोर यांच्या आदेशावरून शेरीफ तेथे गेला. त्याने चर्चच्या दाराला कुलूप घातले आणि किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवली. कालांतराने ती वास्तू उतरवली गेली आणि जेथे पिढ्यान्‌पिढ्या मिस्साबलिदान अर्पण झाले, ती जागा शेतजमिनीत लपून गेली.

आता या घटनेतील सल पाहा. मेरीलँड ही वसाहत एका कॅथलिक घराण्याने स्थापन केली होती. तिच्या भूमीवर पहिले पाऊल टाकले गेले ते मिस्सेनेच. आणि १७०४ साली कॅथलिक उपासनेवर बंदी घालणारा कायदा कोणा परकीय आक्रमकाने लादलेला नव्हता. तो तेथील निवडून आलेल्या विधिमंडळाने रीतसर मतदान करून संमत केला होता. ज्या सभेने अर्ध्या शतकापूर्वी धर्मस्वातंत्र्याचा कायदा केला, तिच्याच वारसदारांनी हे कुलूप घातले. असे का झाले असावे? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला शंभर वर्षे मागे जावे लागेल.

अमेरिकेतील इंग्रज वसाहतींविषयी आपल्या मनात एक सरधोपट चित्र असते. धर्मछळाला कंटाळलेली माणसे जहाजात बसली, पैलतीरी उतरली आणि तेथे त्यांनी लोकशाहीचे बीज पेरले. हे चित्र खोटे म्हणता येणार नाही, परंतु ते फार अपुरे आहे. या वसाहती एकाच राजाच्या प्रजेने वसवल्या असल्या तरी त्यांची माती, त्यांचा उद्योग आणि त्यांची उपासना यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. म्हणूनच त्यांच्या स्वशासनाची घडणही वेगवेगळी झाली.

तंबाखूचे मळे आणि उन्हाळ्यातील सभा

मे १६०७ मध्ये जेम्सटाउन वसले. व्हर्जिनियातील ही वसाहत म्हणजे अमेरिकेत टिकून राहिलेली इंग्रजांची पहिली वस्ती. ती वसवणारी व्हर्जिनिया कंपनी भागधारकांची होती आणि तिला हवा होता नफा. सोने सापडले नाही. उलट १६०९-१० च्या हिवाळ्यात अन्नावाचून बहुसंख्य रहिवासी मरण पावले. पुढे जॉन रॉल्फ याने वेस्ट इंडीजकडील तंबाखूची लागवड यशस्वी केली आणि वसाहतीला तग धरता आला.

तंबाखूने केवळ पैसा आणला नाही, समाजाचा आकारही ठरवला. हे पीक जमिनीचा कस झपाट्याने शोषून घेते. त्यामुळे मळेवाल्यांना सतत नवी जमीन लागे आणि ते रुंद नद्यांच्या काठाने दूर दूर पांगले. मालवाहू जहाज थेट मळ्याच्या धक्क्याला लागत असल्याने बाजारपेठेची गावे फारशी वाढली नाहीत. आपल्याकडील तालुक्याशी तुलना करता येईल अशी ‘काउंटी’ हे तेथील कारभाराचे एकक बनले. धर्मग्रामाचा कारभार पाहणारी मंडळीही बहुधा बड्या मळेवाल्यांतलीच असत.

३० जुलै १६१९ रोजी जेम्सटाउनच्या लाकडी चर्चमध्ये एक सभा भरली. गव्हर्नर सर जॉर्ज यीअर्डली, त्यांचे सल्लागार आणि अकरा वस्त्यांनी पाठवलेले बावीस प्रतिनिधी तेथे जमले. प्रारंभ प्रार्थनेने झाला. तंबाखूचा भाव, आळस, जुगार, मद्यपान, रविवारची उपासना अशा विषयांवर नियम करण्यात आले. उकाडा इतका असह्य होता की, एक प्रतिनिधी दगावला आणि सहा दिवसांत कामकाज आटोपते घ्यावे लागले. उत्तर अमेरिकेतील इंग्रज वसाहतींमधील ही पहिली लोकनियुक्त सभा. ती बोलावण्यामागे कंपनीचा व्यवहारी हिशेबही होता: कारभारात आपला शब्द चालतो असे दिसले, तर अधिक लोक येतील आणि टिकतील. १६२४ मध्ये कंपनीची सनद रद्द होऊन वसाहत राजाच्या हाती गेली. सभा मात्र मागे उरली.

याच सभेच्या वर्षी, ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस, वीसहून थोडे अधिक आफ्रिकी बंदिवान व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवण्यात आले आणि अन्नसामग्रीच्या बदल्यात विकले गेले. स्वशासनाचा आरंभ आणि दास्याचा आरंभ यांच्यामध्ये तेथे जेमतेम एक महिना गेला.

उत्तरेकडील गावे आणि एक डुकरीण

उत्तरेकडे, न्यू इंग्लंडमध्ये, निराळेच जग उभे राहिले. जमीन खडकाळ, हिवाळा कडक आणि येणारी माणसे कुटुंबकबिल्यासह आलेली. १६२० च्या नोव्हेंबरात ‘मेफ्लॉवर’ जहाज १०२ प्रवाशांसह केप कॉड येथे पोहोचले. परवान्यात नमूद केलेल्या प्रदेशाबाहेर ते आल्यामुळे आता कोणाचा हुकूम चालणार, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा ४१ पुरुषांनी जहाजावरच एका करारावर सह्या केल्या: आपण सर्व मिळून एक नागरी समाज बनवू, न्याय्य कायदे करू आणि ते पाळू. चर्चची मंडळी जशी परमेश्वराला साक्षी ठेवून एकत्र बांधली जाते, तसाच गावगाडाही बांधावा, ही त्यामागची धारणा होती.

१६३० मध्ये जॉन विन्थ्रॉप यांच्या नेतृत्वाखाली सुमारे हजार प्युरिटन मॅसॅच्युसेट्सला आले. त्यांनी एक चतुराई केली. कंपनीची सभा इंग्लंडमध्येच भरावी असे सनदेत लिहिलेले नव्हते. म्हणून ते सनदच सोबत घेऊन आले. भागधारकांची बैठक अशा रीतीने वसाहतीचे विधिमंडळ बनली. १६३४ पासून प्रत्येक गाव तिच्यात आपले प्रतिनिधी पाठवू लागले. गावोगावी ग्रामसभा भरत. कुरणे कोणाची, कुंपणे कोणी दुरुस्त करायची, शाळामास्तराला वेतन किती, हे तेथे ठरे. १६४७ च्या कायद्याने पन्नास कुटुंबांच्या प्रत्येक गावाला लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमणे बंधनकारक केले.

या विधिमंडळाची दोन सभागृहे झाली त्यामागे एक डुकरीण आहे, हे वाचून आश्चर्य वाटेल! बॉस्टनमधील शर्मन नावाच्या बाईची डुकरीण हरवली. रॉबर्ट कीन या श्रीमंत व्यापाऱ्याने ती मारली, असा तिचा आरोप. खटला विधिमंडळापर्यंत पोहोचला. गावांचे बहुतेक प्रतिनिधी बाईच्या बाजूने, तर बहुतेक दंडाधिकारी व्यापाऱ्याच्या बाजूने उभे राहिले. या तिढ्याची परिणती म्हणून १६४४ मध्ये दोघे वेगवेगळे बसू लागले. मोठमोठ्या संस्था अनेकदा अशा घरगुती भांडणांतून आकार घेतात.

परंतु हा सहभाग होता कोणाचा? १६३१ च्या नियमानुसार वसाहतीच्या कारभारात मताधिकार केवळ चर्चच्या स्वीकृत सभासद पुरुषांना होता. वेगळा विचार मांडणाऱ्या रॉजर विल्यम्स यांना १६३५ मध्ये हद्दपारीची शिक्षा झाली; त्यांनी पुढच्या वर्षी प्रॉव्हिडन्स वसवून तेथे सदसद्विवेकाला मोकळीक दिली. १६४७ मध्ये येशूसंघीय धर्मगुरूंना मॅसॅच्युसेट्सचे दार बंद झाले. हद्दपार केलेला धर्मगुरू परत आला तर त्याला देहदंड होता. १६५९ ते १६६१ या काळात बॉस्टनमध्ये चार क्वेकरांना फाशी देण्यात आले. त्यांत मेरी डायर ही स्त्रीही होती. छळ सोसून आलेल्यांनी छळाचा निषेध केला तो बहुधा स्वतःपुरताच.

पहिली किल्ली

आता मेरीलँडकडे वळू. जॉर्ज कॅल्व्हर्ट हे राजे पहिले जेम्स यांचे मंत्री. १६२५ मध्ये आपण कॅथलिक असल्याचे जाहीर करून त्यांनी पद सोडले आणि त्यांना लॉर्ड बाल्टिमोर ही पदवी मिळाली. १६२९ मध्ये ते व्हर्जिनियात आले, तेव्हा राजाला चर्चचा सर्वोच्च अधिकारी मानणारी शपथ घ्या, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ती नाकारली आणि त्यांना तेथून जावे लागले. १६३२ च्या एप्रिलमध्ये त्यांचे निधन झाले आणि जूनमध्ये मेरीलँडची सनद त्यांचे चिरंजीव सेसिलियस यांच्या नावे निघाली.

नोव्हेंबर १६३३ मध्ये ‘आर्क’ आणि ‘डव्ह’ ही जहाजे निघाली. पुढारी बहुतांशी कॅथलिक. मात्र सामान्य प्रवाशांत प्रोटेस्टंटांची संख्या मोठी. सेसिलियस यांनी आपल्या बंधूंना, गव्हर्नर लेनर्ड कॅल्व्हर्ट यांना, लेखी सूचना दिली होती: कॅथलिकांनी उपासना शक्य तितकी शांतपणे करावी, धर्मावरून वाद घालू नये, प्रोटेस्टंटांना सौजन्याने वागवावे. २५ मार्च १६३४ रोजी, मरियेला देवदूताचा निरोप मिळाल्याच्या सणादिवशी, सेंट क्लेमंट बेटावर फादर अँड्र्यू व्हाइट यांनी मिस्सा अर्पण केली आणि झाडाच्या खोडाचा मोठा क्रूस उभारण्यात आला.

फादर व्हाइट आपल्याला परके वाटू नयेत. गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स जसे इंग्रज, येशूसंघीय आणि धर्मासाठी मायदेशाला पारखे झालेले, तसेच हेही. जेम्सटाउनची सभा भरली त्या १६१९ सालीच फादर स्टीफन्स निवर्तले. त्यांनी मराठी आपलीशी केली. फादर व्हाइट यांनी पिस्काटावे या मूळ रहिवाशांची भाषा शिकून तिच्यात प्रार्थना उतरवल्या.

सनदेनुसार कायदे करण्यासाठी स्वतंत्र नागरिकांची संमती आवश्यक होती. १६३८ मध्ये लॉर्ड बाल्टिमोर यांनी लंडनहून तयार करून पाठवलेली कायद्यांची संहिता सभेने फेटाळली. आपले कायदे आपण मांडू, असा तिचा आग्रह होता आणि अखेर मालकाला माघार घ्यावी लागली. याच वर्षी विल्यम लुईस या कॅथलिक मुकादमाने प्रोटेस्टंट नोकरांना त्यांचे धर्मग्रंथ वाचल्याबद्दल धाकदपटशा केला. कॅथलिक गव्हर्नरच्या न्यायालयाने त्याला ५०० पौंड तंबाखूचा दंड ठोठावला, कारण तंबाखू हेच तेथील चलन होते.

आणि १६४२ मध्ये पहिल्या किल्लीची घटना घडली. टॉमस जेरार्ड हा कॅथलिक जमीनदार प्रोटेस्टंटांच्या प्रार्थनागृहाची किल्ली आणि तेथील पुस्तके घेऊन गेला. प्रोटेस्टंटांनी सभेकडे तक्रार केली. सभेने त्याला दोषी ठरवले, किल्ली व पुस्तके परत करायला लावली आणि ५०० पौंड तंबाखूचा दंड केला. हा दंड पुढे जो पहिला प्रोटेस्टंट धर्मोपदेशक येईल त्याच्या निर्वाहासाठी राखून ठेवण्यात आला! सत्ता आपल्या हाती असताना आपल्याच माणसाच्या मुठीतून दुसऱ्याच्या देवघराची किल्ली सोडवून देणे, याला मोठे मन लागते. मेरीलँडच्या इतिहासातील माझ्या मते हा सर्वांत उजळ प्रसंग आहे.

२१ एप्रिल १६४९ रोजी सभेने धर्मविषयक कायदा संमत केला. येशू ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणाऱ्या कोणालाही धर्मावरून त्रास देऊ नये, असे त्यात म्हटले होते. ‘पाखंडी’, ‘पोपवाला’, ‘प्युरिटन’ अशी नावे ठेवून हिणवणाऱ्याला दंड होता. मात्र त्रैक्य नाकारणाऱ्याला याच कायद्यात देहदंड होता, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ज्यू बांधवांना या छत्राखाली जागा नव्हती.

दुसरी किल्ली

हा कायदा होण्यापूर्वीच संकट येऊन गेले होते. १६४५ मध्ये रिचर्ड इंगल याने इंग्लंडमधील पार्लमेंटच्या नावाने मेरीलँडवर धाड घातली आणि वृद्ध फादर व्हाइट यांना बेड्या घालून इंग्लंडला नेण्यात आले. पुढे व्हर्जिनियात जाच होत असलेल्या प्युरिटनांना मेरीलँडने आसरा दिला. त्यांनी १६५४ मध्ये सत्ता हाती येताच कॅथलिकांचे संरक्षण काढून घेतले. १६४९ चा कायदा काही वर्षांनी पुन्हा लागू झाला, पण १६८९ मध्ये प्रोटेस्टंट बंडखोरांनी बाल्टिमोर घराण्याची सत्ता उलथवली. १६९२ मध्ये वसाहत राजाच्या अमलाखाली गेली. चर्च ऑफ इंग्लंड अधिकृत झाले, राजधानी सेंट मेरीजहून ॲनापोलिसला हलली आणि १७०४ मध्ये शेरीफने दुसरी किल्ली खिशात टाकली.

नंतर घरातल्या घरात मिस्सा करण्याची मुभा मिळाली. धर्मगुरू घोड्यावरून मळ्यामळ्यांवर जात आणि दिवाणखान्यात वेदी मांडत. १७१८ मध्ये कॅथलिकांचा मताधिकार गेला. १७५६ मध्ये त्यांच्या जमिनींवर दुप्पट कर बसला. हे सारे निवडून आलेल्या सभेने, बहुमताने, नियमांबरहुकूम केले.

आणखी एक विरोधाभास न्यूयॉर्कचा. तेथे १६८३ मध्ये गव्हर्नर टॉमस डाँगन या आयरिश कॅथलिकाने पहिली लोकनियुक्त सभा बोलावली आणि तिने धर्मस्वातंत्र्याचा समावेश असलेली हक्कांची सनद संमत केली. ती नामंजूर कोणी केली? राजे दुसरे जेम्स यांनी, जे स्वतः कॅथलिक होते. सत्ताधारी आपल्या धर्माचा आहे, एवढ्याने स्वातंत्र्य सुरक्षित होत नाही. याउलट विल्यम पेन या क्वेकराने वसवलेल्या पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फिया येथे, १७३३ पासून कॅथलिकांची मिस्सा उघडपणे होत असे.

सभेबाहेर उभे असलेले

मेरीलँडच्या दफ्तरात एक नाव वाचून आपल्याकडील वाचक क्षणभर थबकेल: मथायस द सोझा. आडनाव ओळखीचे असले तरी हा माणूस आपल्या किनाऱ्याचा नव्हे. आफ्रिकी वंशाचा हा मनुष्य १६३४ मध्ये फादर व्हाइट यांच्यासोबत करारबद्ध नोकर म्हणून आला, मुदत संपल्यावर स्वतंत्र झाला आणि १६४२ च्या सभेत उपस्थित राहिला. मार्गारेट ब्रेंट ही कॅथलिक स्त्री दिवंगत गव्हर्नर लेनर्ड कॅल्व्हर्ट यांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहत होती. जानेवारी १६४८ मध्ये तिने सभेपुढे उभे राहून मताचा अधिकार मागितला. तो नाकारण्यात आला.

द सोझासाठी उघडलेले दारही लवकरच बंद झाले. १६६४ मध्ये मेरीलँडने कृष्णवर्णीयांचे दास्य आजन्म ठरवले. आणि येथे आपल्याला मान खाली घालावी लागते. ज्या येशूसंघीयांच्या चर्चला कुलूप लागले, त्यांच्याच मळ्यांवर गुलाम राबत होते. १८३८ मध्ये संघाच्या मेरीलँड प्रांताने २७२ स्त्री-पुरुष आणि मुले विकली. त्यांतील बहुतेकांची रवानगी लुइझियानाच्या मळ्यांवर झाली आणि आलेल्या पैशाचा काही भाग जॉर्जटाउन महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यास खर्च झाला. ती माणसे बाप्तिस्मा घेतलेली, आपल्याच वेदीपाशी गुडघे टेकणारी होती. २०१७ मध्ये येशूसंघीयांनी त्यांच्या वंशजांसमोर जाहीर क्षमायाचना केली. अन्याय सोसल्याने माणूस आपोआप न्यायी होतो, असा समज असेल तर तो मेरीलँडने खोटा ठरवला आहे.

ग्रीनिच, व्हर्जिनिया आणि मुंबई

हा सारा इतिहास दूरचा वाटेल, परंतु त्याचा एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. १६०६ च्या व्हर्जिनियाच्या सनदेत, ही जमीन राजाच्या केंट परगण्यातील ईस्ट ग्रीनिच या जहागिरीच्या धर्तीवर धारण करावी, असे कायदेशीर सूत्र होते. १६६८ मध्ये राजे दुसरे चार्ल्स यांनी वर्षाला दहा पौंड सोन्याच्या नाण्यांच्या भाड्याने मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीला दिले, तेव्हा त्या सनदेतही हेच ईस्ट ग्रीनिचचे सूत्र वापरले गेले. कागदावर व्हर्जिनिया आणि मुंबई एकाच जहागिरीची लेकरे झाली!

पण नशीब निराळे निघाले. मुंबईत इंग्रज आले ते व्यापाराला. नांगर धरून पिढ्यान्‌पिढ्या राहायला नव्हे. येथे प्रतिनिधींची सभा भरली नाही. १६६१ च्या विवाहकराराने मुंबईतील कॅथलिकांना उपासनेचे स्वातंत्र्य राखून दिले होते. तरीही १७२० मध्ये कंपनीने पोर्तुगीज पाद्रोआदोच्या धर्मगुरूंना बेटाबाहेर काढले आणि त्यांच्या जागी कार्मेल संघाचे धर्मगुरू आणले. आपला धर्मगुरू कोण असावा, हे तेथील भाविकांच्या सभेत ठरले नाही, कारण अशी सभाच नव्हती. मेरीलँडमध्ये सभा होती, पण अल्पसंख्याकांना वचन उरले नाही. मुंबईत वचन होते, पण सभा नव्हती. दोन्हींची गरज असते, हा या दोन किनाऱ्यांचा एकत्रित धडा आहे.

१७७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर चार्ल्स कॅरोल या मेरीलँडच्या एकमेव कॅथलिकाची सही झाली आणि त्याच वर्षी मेरीलँडच्या राज्यघटनेने ख्रिस्ती पंथांना समान संरक्षण दिले. ज्यू नागरिकांना तेथे सार्वजनिक पदे खुली व्हायला १८२६ साल उजाडले. ख्रिस्तसभेनेही या वाटेवर वेळ घेतला. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला. प्रत्येक मनुष्याचा हा हक्क त्याच्या मानवी प्रतिष्ठेतूनच येतो, असे त्यात सांगितले. त्याच्या घडणीत जॉन कोर्टनी मरे या अमेरिकन येशूसंघीयाचा मोठा वाटा होता. तो हक्क सभेच्या मतसंख्येवर अवलंबून नाही, हे मेरीलँडच्या लेकरांना अनुभवाने कळले होते.

सेंट मेरीजचे ते विटांचे चर्च अलीकडच्या काळात, एकविसाव्या शतकाच्या आरंभी, मूळ पायावरच पुन्हा उभारण्यात आले. त्याचे दार उघडले ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण माझे मन त्या दुसऱ्या किल्लीपेक्षा पहिल्या किल्लीपाशी अधिक रेंगाळते. आपल्या चर्चला कोणी कुलूप घातले तर आपण सारे एकमुखाने उठू, यात शंका नाही. दुसऱ्याच्या देवघराची किल्ली आपल्यापैकी कोणाच्या खिशात असेल, तेव्हा ती परत करायला लावणारी सभा आपल्या गावात, आपल्या धर्मग्रामात आणि आपल्या मनात भरते काय?